आउटलुक उघडेना, तेव्हा आधी पत्रे कुठे आहेत ते पाहावे

समजा, न्यू जर्सीतील एडिसनमध्ये सकाळचे आठ वाजले आहेत. पुण्यातील सहकाऱ्यांचा दिवस मावळतीला आला आहे आणि अर्ध्या तासात त्यांच्याशी बैठक आहे. बैठकीची टिपणे, कराराचा मसुदा, रात्री उशिरा आलेले उत्तर, सारे काही ईमेलमध्ये. आउटलुकच्या चिन्हावर क्लिक केले जाते. निळी चौकट उमटते, ‘प्रोसेसिंग’ हा शब्द दिसतो, बारीक ठिपके इकडून तिकडे धावतात आणि मग काहीच घडत नाही. कधी ती चौकट तशीच गोठून राहते, कधी क्षणात नाहीशी होते, तर कधी ‘फोल्डरांचा संच उघडता येत नाही’ अशा अर्थाची सूचना देऊन प्रोग्राम हात वर करतो.

अशा प्रसंगी बहुतेकांना दोन उपाय सुचतात. पहिला, संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे. तो निरुपद्रवी आहे आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. दुसरा उपाय म्हणजे खाते काढून टाकून नव्याने जोडणे, फाइली पुसून टाकणे किंवा सारा ऑफिस संचच उखडून पुन्हा बसवणे. हा उपाय शेवटचा आहे. पण घाईत तो पहिला होतो. परदेशात दहा-पंधरा वर्षे काढलेल्या व्यावसायिकाच्या ईमेलमध्ये केवळ कार्यालयीन पत्रव्यवहार नसतो. व्हिसाच्या मंजुरीची कागदपत्रे, पुण्यातील किंवा नाशिकमधील सदनिकेच्या खरेदीखताच्या प्रती, बँकेची जुनी विवरणे, आईवडिलांचे वैद्यकीय अहवाल असे बरेच काही तेथे साचलेले असते. त्यांपैकी काही कागद दुसरीकडे कुठेच नसतात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक साधा भेद लक्षात घ्यावा लागतो : पत्रे दाखवणारा प्रोग्राम वेगळा आणि पत्रे वेगळी. प्रोग्राम बिघडला म्हणून पत्रे गेलेली नसतात. ती जातात ती बहुधा दुरुस्तीच्या भरात.

दोष आपल्याच घरी आहे ना?

पहिली दोन मिनिटे आउटलुककडे पाहूच नये. तेच खाते ब्राउझरमधून उघडावे किंवा फोनवर पाहावे. पत्रे तेथे येत-जात असतील तर दोन गोष्टी कळतात. एक, खाते आणि सर्व्हर ठीक आहेत. दोन, साडेआठची बैठक निभावून नेता येईल. दुरुस्ती मग संध्याकाळी निवांतपणे करता येते. तातडीच्या दडपणाखाली केलेली संगणकाची दुरुस्ती क्वचितच चांगली होते.

ब्राउझरमधूनही खाते उघडत नसेल, तर दोष बहुधा सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे, पासवर्डात किंवा इंटरनेटच्या जोडणीत आहे. आउटलुक खोलून पाहण्यात तेव्हा अर्थ नाही.

मात्र उलट प्रकारही घडतो, आणि तो अधिक फसवा असतो. 15 जुलै 2020 या दिवशी जगभरातील असंख्य संगणकांवर आउटलुक उघडताक्षणीच बंद पडू लागले. ब्राउझरमधील आणि फोनवरील ईमेल सुरळीत चालू होते; त्यामुळे प्रत्येकाला वाटले की बिघाड आपल्याच यंत्रात आहे. प्रत्यक्षात दोष मायक्रोसॉफ्टच्या बाजूने झालेल्या एका बदलात होता, आणि तो दूर करणारी दुरुस्तीही कंपनीनेच त्या दिवशी पाठवली. ज्यांनी त्या दिवशी धीर धरला त्यांचे काही बिघडले नाही. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला किंवा त्याच कंपनीची सेवा वापरणाऱ्या मित्राला एक फोन करणे, हीदेखील तपासणीची एक रास्त पायरी आहे. काल चालणारा प्रोग्राम आज सगळ्यांकडे एकदम रुसला असेल, तर आपल्या संगणकाला शस्त्रक्रियेची गरज नाही.

पत्रे नेमकी कुठे राहतात?

हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो. पण पुढील प्रत्येक निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आउटलुक आपला साठा दोन प्रकारच्या फाइलींत ठेवते. ज्या फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘ओएसटी’ ही अक्षरे असतात ती केवळ प्रत असते. मूळ पत्रे सर्व्हरवर आणि त्यांची छाया संगणकावर, असा तो मामला आहे. कार्यालयातील एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट 365ची खाती, आउटलुक डॉट कॉमची वैयक्तिक खाती, आणि आउटलुकच्या 2013च्या आवृत्तीपासून पुढे आयमॅप पद्धतीने जोडलेली खाती या प्रकारात मोडतात. ही फाइल बिघडली तर ती बाजूला सारून आउटलुकला नवी प्रत उतरवून घेऊ देता येते.

‘पीएसटी’ अक्षरांनी संपणारी फाइल मात्र स्वतःच मूळ असते. जुन्या पॉप पद्धतीच्या खात्यांची पत्रे तिच्यात येऊन पडतात आणि नेमलेल्या सोयीनुसार सर्व्हरवरची प्रत तत्काळ किंवा ठरावीक दिवसांनी पुसली जाते. कार्यालयाच्या पेटीत जागा उरली नाही म्हणून वर्षानुवर्षे ‘आर्काइव्ह’ नावाने हलवलेली पत्रेही याच प्रकारच्या फाइलीत असतात. ती फाइल गेली की पत्रे गेली. ब्राउझरमध्ये ती कधीच दिसत नव्हती आणि यापुढेही दिसणार नाहीत.

या सरळ विभागणीत एक खाच आहे आणि तिच्यात भलेभले अडखळतात. आयमॅप पद्धतीने जोडलेल्या खात्यात पत्रे सर्व्हरवर असतात हे खरे. परंतु आयमॅप ही फक्त पत्रांची व्यवस्था आहे. आउटलुकमध्ये त्याच खात्याखाली भरलेली दिनदर्शिका आणि संपर्कांची यादी बहुधा ‘फक्त या संगणकावर’ अशा शिक्क्यानिशी त्या ओएसटी फाइलीतच राहते. ‘प्रतच तर आहे, पुसून टाकू’ असे म्हणून ती फाइल पुसणाऱ्याची पत्रे परत येतात. दहा वर्षांचे फोन क्रमांक, वाढदिवस आणि भेटींच्या नोंदी येत नाहीत. आउटबॉक्समध्ये अडकलेली, अद्याप न गेलेली पत्रेही त्याच वाटेने जातात.

तेव्हा नियम असा : फाइल प्रत असो वा मूळ, काहीही करण्याआधी तिची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी, आणि पुसण्याऐवजी नाव बदलावे. पीएसटी फाइली सहसा ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात सापडतात. ओएसटी फाइली वापरकर्त्याच्या फोल्डरातील ‘ॲपडेटा’, त्यातील ‘लोकल’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि शेवटी ‘आउटलुक’ अशा वाटेवर असतात. ‘ॲपडेटा’ हे फोल्डर विंडोज लपवून ठेवते. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीतून लपलेल्या वस्तू दाखवण्याची सोय चालू केली की ते दिसते. आउटलुक चालू असताना नक्कल निघत नाही, ‘फाइल वापरात आहे’ असे उत्तर मिळते. गंमत अशी की आउटलुक उघडलेले नसूनही कधी कधी हेच उत्तर येते, आणि तेच मोठे निदान ठरते.

न दिसणारे आउटलुक

कारण पुष्कळदा आउटलुक उघडलेले असते. फक्त दिसत नसते. काल संध्याकाळी ते बंद केले तेव्हा खिडकी मिटली, पण मागचा कारभार संपलाच नाही. आता नव्याने क्लिक केले की तो अर्धवट जिवंत राहिलेला जुना प्रोग्राम दार अडवून बसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तेथील यादीत आउटलुकचे नाव असेल तर ते निवडून ‘एंड टास्क’ म्हणावे, मिनिटभर थांबावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. टीम्स किंवा फोनशी संपर्क-यादी जुळवणारा एखादा प्रोग्राम आउटलुकला मागून धरून ठेवत असेल, तर तोही थोडा वेळ बंद करावा.

घरून काम करणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. लॅपटॉप घरच्या मोठ्या पडद्याला जोडलेला असताना आउटलुक त्या पडद्यावर उघडण्याची सवय लागते. लॅपटॉप एकटाच उचलून विमानतळावर नेला की कधी कधी आउटलुक इमानेइतबारे आता नसलेल्या पडद्यावरच उघडते. खाली पट्टीवर चिन्ह दिसते, खिडकी दिसत नाही. पट्टीवरील चिन्ह निवडून विंडोजची कळ आणि शिफ्ट दाबून ठेवत डाव्या किंवा उजव्या बाणाची कळ दाबली की ती खिडकी ओढून आणता येते. याच्याच जोडीला, पासवर्ड विचारणारी किंवा प्रोफाइल निवडायला सांगणारी लहानशी चौकट दुसऱ्या एखाद्या खिडकीमागे दडलेली असते. आउटलुक उत्तराची वाट पाहत थांबलेले आणि वापरकर्ता आउटलुकची वाट पाहत बसलेला, असा हा प्रकार.

पाहुण्यांमुळे अडलेले घर

या साध्या गोष्टी निकालात निघाल्यानंतर खरा तपास सुरू होतो, आणि त्याचे पहिले साधन म्हणजे सेफ मोड. आउटलुक एकटे क्वचितच चालते. विषाणूप्रतिबंधक प्रोग्राम, बैठका ठरवणारी साधने, ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्था, पीडीएफ तयार करणारे प्रोग्राम हे सारे त्याच्यात आपापली एकेक पूरक आज्ञावली पेरून ठेवतात. यांना ॲड-इन म्हणतात. आउटलुक उघडताना या सगळ्या मंडळींना आत घ्यावे लागते, आणि त्यांपैकी एकजण जरी उंबरठ्यावर अडखळला तरी मागची रांग थांबते. आउटलुक उघडत नसण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे. एखादे ॲड-इन सुरू होण्यास सातत्याने एक सेकंदाहून अधिक वेळ घेत असेल, तर 2013पासूनच्या आवृत्त्या त्याला आपण होऊन बंदही करतात. परंतु जे ॲड-इन आउटलुकलाच खाली ओढते त्याच्यापुढे हा पहारा कामाचा नाही.

सेफ मोडमध्ये आउटलुक या पाहुण्यांना बाहेर ठेवून एकटे उघडते. त्यासाठी कंट्रोलची कळ दाबून ठेवून आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करावे. ‘सेफ मोडमध्ये सुरू करायचे का’ असा प्रश्न येतो, त्याला होकार द्यावा. किंवा विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या लहान चौकटीत इंग्रजी अक्षरांत आउटलुक हा शब्द, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून सेफ हा शब्द लिहावा. मधली मोकळी जागा विसरली की आज्ञा कळत नाही. तिरकी रेघ प्रश्नचिन्हाच्या कळेवरची, उलट्या बाजूला झुकणारी नव्हे.

सेफ मोडमध्ये आउटलुक नीट उघडले, तर निदान जवळजवळ झालेच. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲड-इन्स’ असे जाऊन तळाशी असलेल्या यादीतून ‘कॉम ॲड-इन्स’ निवडावे आणि ‘गो’ म्हणावे. समोर येणाऱ्या नावांपुढील सगळ्या खुणा काढून आउटलुक बंद करावे आणि नेहमीप्रमाणे उघडावे. उघडले, की एकेक खूण परत घालत जावे आणि दर वेळी आउटलुक बंद करून पुन्हा सुरू करावे. ज्या नावानंतर ते पुन्हा अडेल तो अपराधी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, आणि सगळ्या खुणा एकदम परत घालण्याचा मोह होतो. खुणा काढण्यापूर्वी यादीचे छायाचित्र फोनवर घेतलेले असले की बरे; कोणती आधी चालू होती, हे नंतर आठवत नाही.

इतका वेळ नसेल तर एक आडवाटही आहे. विंडोजच्या शोधपट्टीतून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावे, ‘विंडोज लॉग्ज’खालील ‘ॲप्लिकेशन’ पाहावे. आउटलुक कोसळले त्या वेळेची, 1000 क्रमांकाची, तांबड्या चिन्हाची नोंद तेथे असते. तिच्यात ‘फॉल्टिंग मोड्यूल नेम’ या शब्दांपुढे ज्या फाइलीमुळे प्रोग्राम पडला तिचे नाव लिहिलेले असते. कधी ते नाव एखाद्या ओळखीच्या ॲड-इनचे निघते आणि तासाभराचे काम पाच मिनिटांत होते. कधी ते विंडोजच्याच एखाद्या फाइलीचे निघते आणि काही बोध होत नाही. तेव्हा वरची लांब वाट धरावी.

सेफ मोडमध्येही उघडेना, तर

आता संशय ॲड-इनवरून उठून आउटलुकच्या स्वतःच्या मांडणीवर, प्रोफाइलवर किंवा साठ्याच्या फाइलीवर येतो. तपासाचा क्रम सौम्याकडून कठोराकडे असावा.

‘आउटलुकची खिडकी उघडता येत नाही, फोल्डरांचा संच उघडता येत नाही’ ही सूचना येत असेल, तर डाव्या बाजूच्या फोल्डरपट्टीची नोंद बिघडलेली असण्याचा संभव मोठा. सेफ मोडसाठी वापरलेल्या त्याच लहान चौकटीत आउटलुक, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘रीसेटनॅवपेन’ हा शब्द सलग, इंग्रजी अक्षरांत लिहावा. त्याने पट्टीवरील आवडत्या फोल्डरांची निवड आणि मांडणी जाते. पत्रांना धक्का लागत नाही.

त्याने भागले नाही तर नवे प्रोफाइल तयार करावे. प्रोफाइल म्हणजे कोणती खाती, कोणत्या फाइली आणि कोणत्या सोयी वापरायच्या याची आउटलुकने ठेवलेली वही. ती फाटली असेल तर नवी करता येते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील ‘मेल’ या चिन्हावरून ‘शो प्रोफाइल्स’कडे जावे, ‘ॲड’ म्हणून नवे नाव द्यावे, खाते जोडावे आणि खाली ‘नेहमी हेच प्रोफाइल वापरावे’ या ठिकाणी नवे नाव निवडावे. जुने प्रोफाइल मात्र काढू नये. ते काढताना त्यातील खात्यांच्या संगणकावरील प्रतीही काढल्या जातील, असा इशारा आउटलुक स्वतःच देते. वर सांगितलेले ‘फक्त या संगणकावर’ असलेले संपर्क त्या प्रतींतच असतात. नवे प्रोफाइल महिनाभर नीट चालले आणि काही उणे भासले नाही, की मगच जुन्याचा विचार करावा. नवे प्रोफाइल पाहून ‘जुनी पत्रे दिसत नाहीत’ म्हणून कोणी घाबरतो. ती पीएसटी फाइलीत असतील, तर ‘फाइल’मधून ती डेटा फाइल उघडली की परत दिसतात.

उरली साठ्याची फाइल. पीएसटीचा इतिहास येथे उपयोगी पडतो. 1997 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून 2002च्या आवृत्तीपर्यंत या फाइलीला 2 जीबीची मर्यादा होती, आणि ती ओलांडली की फाइल उघडणेच बंद होई. 2003 साली रचना बदलली. मर्यादा 20 जीबी झाली आणि 2010च्या आवृत्तीपासून 50 जीबी. भारतात असताना 2001 साली सुरू केलेली फाइल संगणक बदलत बदलत आजवर ओढत आणलेली असेल, तर ती अजूनही जुन्याच रचनेची असू शकते. नव्या आउटलुकमध्ये उघडली म्हणून तिची रचना बदलत नाही. तिचा आकार 2 जीबीच्या आसपास दिसत असेल, तर दुखणे कुठे आहे हे वेगळे सांगायला नको. अशी फाइल उघडत आहे तोवरच नव्या रचनेची फाइल तयार करून पत्रे तिच्यात हलवावीत.

बिघडलेल्या पीएसटीसाठी ऑफिससोबतच एक साधन येते. त्याचे नाव स्कॅनपीएसटी. ते सुरुवातीच्या यादीत सापडत नाही. ऑफिसच्या फोल्डरातील ‘रूट’ आणि त्यातील ‘ऑफिस16’ या फोल्डरात ते शोधावे लागते. आउटलुक पूर्ण बंद करून, नक्कल बाजूला ठेवून, त्याला बिघडलेली फाइल दाखवावी. दुरुस्तीपूर्वी प्रत काढून ठेवण्याची खूण त्यात आधीच घातलेली असते. ती तशीच राहू द्यावी आणि डिस्कवर तेवढी जागा आहे ना, हे पाहावे. फाइल मोठी असेल तर या कामाला तास लागतात. पडद्यावर काही हलत नाही म्हणून मध्येच ते तोडू नये. एका फेरीत सगळे दोष निघत नाहीत. दोष नाहीत असे ते सांगेपर्यंत पुनःपुन्हा चालवावे. ज्या पत्रांचे मूळ फोल्डर कळले नाही ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरात येऊन पडतात, आणि हवे असलेले जुने पत्र पुष्कळदा तेथेच मिळते.

पीएसटी फाइल वनड्राइव्हसारख्या साठ्यात आपोआप चढत असेल, तर हा एक स्वतंत्र त्रास समजावा. विंडोज आजकाल ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर सहज वनड्राइव्हला जोडते, आणि पीएसटीची नेहमीची जागा तर नेमकी तीच. उघड्या फाइलीत आउटलुक सतत लिहीत असते आणि वनड्राइव्ह ती सतत वर चढवू पाहते. दोघांच्या ओढाताणीत आउटलुक मंदावते, अडकते. चालू पीएसटी संगणकाच्या साध्या फोल्डरात ठेवावी आणि बाहेरच्या डिस्कवर तिची वेळोवेळी नक्कल काढावी. कार्यालयाच्या नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर ती ठेवून रोज वापरणेही असेच घातक.

हे सारे झाल्यावरही आउटलुक अडून बसले असेल, तर ऑफिस संचाची दुरुस्ती. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’च्या यादीत मायक्रोसॉफ्ट 365 किंवा ऑफिस शोधून ‘मॉडिफाय’ म्हणावे. ‘क्विक रिपेअर’ काही मिनिटांत आटोपते. ‘ऑनलाइन रिपेअर’ सारा संच इंटरनेटवरून पुन्हा उतरवते. त्यासाठी चांगली जोडणी आणि वेळ हवा. यांपैकी कशानेही पीएसटी फाइल पुसली जात नाही.

उघडते, पण आत घेत नाही

काहींची तक्रार वेगळी असते. आउटलुक उघडते, पासवर्ड विचारते, बरोबर पासवर्ड देऊनही पुन्हा विचारते, आणि हे चक्र संपत नाही. याचे मूळ गेल्या काही वर्षांतील बदलात आहे. केवळ नाव आणि पासवर्ड यांवर आत घेण्याची जुनी पद्धत मोठ्या कंपन्यांनी बंद केली. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी 30 मे 2022 रोजी, मायक्रोसॉफ्टने कार्यालयीन खात्यांसाठी 1 ऑक्टोबर 2022पासून टप्प्याटप्प्याने आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी 16 सप्टेंबर 2024 रोजी. आउटलुक 2010सारख्या जुन्या आवृत्त्यांना नवी पद्धत समजतच नाही. जीमेलच्या बाबतीत दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ घेतला, तर जुना प्रोग्राम अजून चालवता येतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यांसाठी मात्र नवा प्रोग्राम घेणे किंवा ब्राउझर वापरणे हाच मार्ग.

दुहेरी पडताळणीत परदेशस्थ माणूस एका खास जागी सापडतो. खाते उघडले तेव्हा तो ठाण्यात किंवा हैदराबादेत नोकरीला होता, आणि ओळख पटवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक भारतातला होता. ते सिमकार्ड रिचार्जविना बंद पडले. असा क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. नव्या संगणकावर आउटलुक बसवताच पडताळणीचा संकेत त्या हरवलेल्या क्रमांकावर जातो आणि सगळे तेथेच थांबते. हे होण्यापूर्वी, म्हणजे खाते अजून एखाद्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये उघडे असतानाच, खात्याच्या सुरक्षा-पानावर जाऊन सध्याचा क्रमांक आणि दुसरा ईमेल पत्ता नोंदवावा. दुबई किंवा लंडनहून मुंबईच्या सुटीला निघण्यापूर्वीही हेच करावे. इकडचा क्रमांक तिकडे रोमिंगवर चालतोच असे नाही, आणि पडताळणीचे ॲप फोनवर असले तर त्याला सिमची गरज पडत नाही.

आणखी एक गोंधळ नावांचा आहे. विंडोजसोबत येणारा ‘मेल’ हा लहान प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने 31 डिसेंबर 2024 रोजी बंद केला. त्यावर विसंबलेल्यांना आता त्यातून पत्रे पाठवता वा घेता येत नाहीत, आणि हा बिघाड नव्हे. त्याच्या जागी आलेले ‘नवे आउटलुक’ आणि जुने ‘आउटलुक क्लासिक’ हे दोन संपूर्ण वेगळे प्रोग्राम आहेत. वर सांगितलेला सेफ मोड, कॉम ॲड-इन, प्रोफाइल, स्कॅनपीएसटी हा सारा प्रपंच क्लासिकचा. नवे आउटलुक उघडत नसेल तर ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’च्या यादीत ते शोधून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधी ‘रिपेअर’ आणि मग गरज पडल्यास ‘रीसेट’ करावे. जुन्या पीएसटी फाइलींना नव्या आउटलुकमध्ये मर्यादितच आधार आहे. ज्याचा जीव अशा फाइलींत अडकला आहे त्याने क्लासिक काढून टाकण्याची घाई करू नये. तसेच विंडोज 10 आणि ऑफिसच्या 2016 व 2019च्या आवृत्त्या यांचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, हेही ध्यानात असावे.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांसाठी तर्क हाच, कळा वेगळ्या. ‘थंडरबर्ड आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही’ ही सूचना म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये जुना कारभार उरला आहे. शिफ्टची कळ दाबून ठेवून उघडले की ते पूरक प्रोग्रामांविना सुरू होते. मॅकवरील ‘मेल’ही शिफ्ट दाबून उघडल्यास मागच्या वेळच्या खिडक्या न उघडता सुरू होते, आणि एखाद्या विशिष्ट पत्रावर अडकणारे मेल त्याने सुटते.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर टास्क मॅनेजर आणि सेफ मोड यांपलीकडे स्वतः जाऊ नये. तेथील ॲड-इन व प्रोफाइल बहुधा कंपनीच्याच व्यवस्थेतून येतात आणि आयटी विभागाला आपण काय काय केले हे सांगता आले, तर त्यांचा वेळ वाचतो. यंत्र स्वतःचे असेल तर मदतीसाठी इंटरनेटवर शोधताना सावध असावे. शोधाच्या पहिल्याच ओळींत ‘आउटलुक साहाय्य’ अशा नावाने झळकणारे फोन क्रमांक पुष्कळदा भामट्यांचे असतात. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, संगणकाचा ताबा मागतो, इव्हेंट व्ह्यूअरमधील तांबड्या खुणा दाखवून विषाणू शिरल्याचे सांगतो आणि पैसे किंवा बँकेचे तपशील मागू लागतो. त्या तांबड्या खुणा प्रत्येक निरोगी संगणकातही असतात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-सूचनेत फोन क्रमांक कधीही नसतो. पडद्यावरील सूचनेत क्रमांक दिसला, तर ती चौकट बंद करावी. बंद होत नसेल तर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरच संपवावा, आणि ताबा आधीच कोणाला दिला गेला असेल तर इंटरनेट तोडून दुसऱ्या यंत्रावरून ईमेलचा व बँकेचा पासवर्ड बदलावा.